नव्ह शापेल: खडकीचे सॅपर्स लढले ते फ्रान्समधलं गाव

रविवार, २६ ऑक्टोबर

फ्रान्सच्या उत्तरेला, बेल्जियमची हद्द जवळ येते तिथे, लिस नदीच्या सपाट खोऱ्यात नव्ह शापेल नावाचं गाव आहे. वस्ती हजार-दीड हजार माणसांची. किल्ला नाही, द्राक्षमळे नाहीत, समुद्र नाही. पॅरिसहून निघणाऱ्या कुठल्याही सहलीच्या कार्यक्रमात हे नाव सापडणार नाही. माझ्या मनात मात्र ते कित्येक वर्षं घर करून होतं, कारण माझं लहानपण पुण्याजवळच्या खडकीत गेलं. खडकीतल्या पोराला बॉम्बे सॅपर्स, म्हणजे लष्करातले बांधकाम करणारे शिपाई, हे रोजचं दृश्य: सकाळची कवायत, बिगुल, लांबच लांब भिंती. याच खडकीच्या दोन कंपन्या पहिल्या महायुद्धात २८ ऑक्टोबर १९१४ रोजी या गावाच्या गल्ल्यांतून लढल्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. कळल्यापासून एकच ओढ होती, ती जमीन एकदा पायाखाली घालायची, आणि जमलं तर त्याच तारखेला.

यंदा दिवाळी लवकर आटोपली आणि योग जुळून आला. भाचा पॅरिसला नोकरीला आहे. त्याने रजा टाकली आणि गाडी चालवायचं कबूल केलं. "मामा, तिथे नेमकं काय बघायचंय तुम्हाला?" त्याने विचारलं. "आधी जमीन, मग नावं," मी म्हणालो. युद्धस्मारक बघायला गेलेला माणूस बहुधा थेट नावांच्या भिंतीपाशी जातो, हात जोडतो आणि परत फिरतो. पण इतकी माणसं नेमकी याच शेतांत का पडली, हे भिंत सांगत नाही. ते सांगतात तिथला चिखल, तिथले ओढे आणि तिथला एक टीचभर उंचवटा.

पॅरिसहून आरासपर्यंत मोठा महामार्ग, पुढे बेत्यूनचा फाटा. आरास मागे पडलं की क्षितिजावर काळसर त्रिकोणी टेकड्या दिसू लागतात. त्या निसर्गाच्या नाहीत. कोळशाच्या खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ते ढीग आहेत. खाणी बंद पडल्या, ढीग राहिले, आणि २०१२ मध्ये हा सगळा खाणपट्टा युनेस्कोच्या यादीत गेला. बेत्यून त्या पट्ट्याच्या कडेला आहे. चौकात चौदाव्या शतकातला घंटामनोरा उभा आहे आणि त्याच्याभोवती रंगीत विटांची, टोकदार कपाळपट्ट्यांची घरं. ती सगळी १९२० च्या दशकातली, कारण १९१८ च्या तोफमाऱ्यात चौक जवळजवळ पूर्ण कोसळला होता. आजच इथली घड्याळं एक तास मागे गेली, त्यामुळे साडेपाचलाच अंधारलं. रात्री एका छोट्या खानावळीत मारवाल चीजचा टार्ट खाल्ला. वास उग्र, चव अगदी सौम्य. शाकाहारी माणसाची या भागात त्यावर उत्तम सोय होते.

सोमवार, २७ ऑक्टोबर

बेत्यूनहून नव्ह शापेल पंधरा-सोळा किलोमीटर. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, आणि त्यांच्यापलीकडे नजर पोहोचेल तिथपर्यंत शेतं. ऑक्टोबर म्हणजे इथे साखरबीट काढायचा हंगाम. शेताच्या बांधाला बीटचे लांबलचक ढिगारे रचलेले, ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला पिवळट चिखल. आपल्याकडे उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यांची जी कळा असते तीच इथे बीटच्या हंगामात, फक्त थंडी वेगळी.

गाडी गावाच्या पश्चिमेला ठेवली आणि चालायला सुरुवात केली. एस्तेर गावाकडून ला बासेकडे जाणारा मोठा रस्ता नव्ह शापेलला वेशीबाहेरून चाटून जातो. गाव त्या रस्त्याच्या पूर्वेला. विटांची बुटकी घरं, चर्च, शाळा, नगरपालिकेची इमारत. एकही भिंत शंभर वर्षांपलीकडची नाही. जुनं गाव १९१४ ते १९१८ मध्ये संपलं. आज दिसतं ते युद्धानंतर त्याच जागी पुन्हा उभारलेलं गाव.

जमीन चिकणमातीची. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, साचून राहतं. शतकानुशतकं शेतकऱ्यांनी चर खणून खणून हे पाणी लिस नदीकडे वळवलं, तेव्हा कुठे इथे पीक उभं राहिलं. हिवाळ्यात दोन-तीन फूट खणलं की पाणी लागतं. त्यामुळे पहिल्या महायुद्धाचे खंदक म्हणून आपण जे डोळ्यांपुढे आणतो, माणूसभर खोल, आत शिड्या लावलेले, ते इथे खणणं शक्यच नव्हतं. इथे खंदक जमिनीवर बांधावे लागले. मातीने भरलेल्या पोत्यांची छातीएवढी भिंत रचायची, तिच्याआड गुडघाभर पाण्यात उभं राहायचं. तोफेचा एक गोळा पडला की भिंत फुटे, आणि ती रात्रीच्या अंधारात पुन्हा रचावी लागे. हे काम कोणाचं? सॅपर्सचं आणि पायोनियर्सचं, म्हणजे खोदकाम-बांधकामही करणाऱ्या पायदळाचं. लढाई नसलेल्या रात्रीही इथे ही माणसं गोळीच्या टप्प्यात उघड्यावर उभी राहून पोती रचत होती.

गावाच्या पूर्वेला एक ओढा आहे, ले नावाचा. नकाशावर त्याची रेघ शोधावी लागते. आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो. रुंदी तीनेक मीटर, पाणी संथ, काठ उभे आणि निसरडे. उडी मारायची म्हटली तर धावत येऊन मारावी लागेल, आणि पाठीवर ओझं, हातात बंदूक असेल तर मारता येणार नाही. ओढ्यापलीकडे ब्वा द्यू बिए नावाचं गर्द रान. आणि रानाच्या मागे, डोळे बारीक केले तर, जमीन किंचित वर चढताना दिसते. हाच तो ओबेरचा उंचवटा, जेमतेम वीसेक मीटरचा. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला त्याला चढ म्हणायलाही जड जाईल. पण सपाट मुलखात वीस मीटर म्हणजे राज्य. तिथे उभ्या असलेल्या माणसाला खालचं सगळं खोरं दिसतं, कोणत्या रस्त्याने गाड्या येतात, कुठल्या घराआड तोफ लपवली आहे, सगळं. शिवाय तिथली माती कोरडी राहते आणि पाणी उतरून खालच्यांच्या पायांशी येतं. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनांनी लील शहर घेतलं आणि हा उंचवटाही धरला. पुढची चार वर्षं ब्रिटिश, भारतीय, ऑस्ट्रेलियन, पोर्तुगीज अशा सगळ्या फौजा खालच्या चिखलात राहिल्या त्या यामुळे.

हा मुलूख सीमेवरचाच, पहिल्यापासून. नव्ह शापेल जुन्या आर्त्वा प्रांतात येतं, आणि ओबेरची बाजू फ्लँडर्सची. आर्त्वा कधी बर्गंडीच्या ड्यूककडे, कधी स्पेनच्या राजाकडे. १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने त्याचा बहुतेक भाग कायमचा फ्रान्सकडे आला. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाला सामोरे गेले त्याच वर्षी. पुढे बेत्यूनची तटबंदी व्होबाँ या प्रसिद्ध दुर्गरचनाकाराने मजबूत केली. शेजारच्या रिशबूर परिसरावर आरासच्या सेंट व्हास्त मठाची मालकी होती. मठ, सरदार, तटबंद्या, सैन्यांची ये-जा, हे सगळं इथल्या शेतकऱ्याने आधीही पाहिलं होतं. घराचा एकेक दगड उडून गेल्याचं मात्र त्याने १९१४ नंतरच पाहिलं.

परत येताना एका शेताच्या कडेला एक वयस्क शेतकरी ट्रॅक्टर थांबवून उभे होते. भाच्याने फ्रेंचमध्ये नमस्कार-चमत्कार केले आणि आम्ही भारतातून आलो आहोत असं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गोठ्याशेजारच्या खोलीतून पत्र्याचा एक डबा आणून दाखवला. आत शिशाच्या गोल गोळ्या, गोटीएवढ्या, पांढरट गंज चढलेल्या. श्रॅपनेलच्या. एका तोफगोळ्यात अशा शेकडो गोळ्या भरलेल्या असत. गोळा हवेत फुटला की त्या खालच्या माणसांवर पावसासारख्या पडत. एक माझ्या तळहातावर ठेवली. दिसते त्याच्या मानाने फारच जड. नांगरट केली की अजून दरवर्षी निघतात, ते म्हणाले. न फुटलेला गोळा निघाला तर त्याला हात लावायचा नाही, बांधाला खूण करायची आणि सरकारी बॉम्बनाशक पथकाला कळवायचं. ते हे सांगत होते ते अगदी पीकपाण्याच्या सुरात. एकशे दहा वर्षांपूर्वीची लढाई इथे शेतीच्या कामाचा भाग आहे.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी धुकं होतं. आठच्या सुमाराला आम्ही पुन्हा मोठ्या रस्त्याच्या पश्चिमेला, गावाकडे तोंड करून उभे राहिलो. आजच्या तारखेला इथे काय घडलं ते जमिनीवर उभं राहूनच सांगतो.

हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस मार्सेलला उतरली होती. अंगावर उन्हाळी खाकी कपडे, हातात नव्या नमुन्याच्या, नुकत्याच वाटलेल्या बंदुका. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांना इथल्या आघाडीवर आणलं, तेही एकत्र नव्हे. जिथे ब्रिटिशांची फळी फाटत होती तिथे एकेक पलटण ठिगळासारखी लावली गेली. २६ आणि २७ ऑक्टोबरला जर्मनांनी नव्ह शापेल घेतलं. फळीत खिंडार पडलं. ते बुजवायला २८ तारखेला प्रतिहल्ला ठरला, आणि तो करायला पुरेसं पायदळ हाताशी नव्हतं. तेव्हा ४७ व्या शीख पलटणीच्या बरोबरीने बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या पुढे काढण्यात आल्या. बाजूला ९ वी भोपाळ पलटण.

सॅपर म्हणजे कोण हे खडकीकराला वेगळं सांगायला नको. पूल बांधणारा, रस्ता करणारा, सुरुंग लावणारा कारागीर शिपाई. एक सॅपर तयार व्हायला वर्षं लागतात, म्हणून कोणताही शहाणा सेनापती त्याला बंदुकीच्या हल्ल्यात सहसा खर्ची घालत नाही. त्या दिवशी घातला. खडकीच्या कंपन्यांत तेव्हा मराठे, शीख आणि मुसलमान असे सगळे असत. मराठे मुख्यतः देशावरचे आणि कोकणातले.

समोर पाचसहाशे मीटर उघडं शेत. झाड नाही, बांध नाही, आडोसा म्हणावा असं काही नाही. मी हे अंतर चालून पाहिलं. बूट चिखलात रुततात, प्रत्येक पावलाला माती चिकटून पाय जड होत जातो, आणि समोर गावातली घरं हळूहळू मोठी होत जातात. त्या घरांच्या खिडक्यांतून मशीनगन चालू असताना शीख आणि सॅपर्स हे अंतर ओलांडून गावात घुसले. मग घरोघरी, गल्लीगल्लीत, संगिनींची लढाई झाली. गावाच्या मधल्या चौकापर्यंत ते पोहोचले. पण मागून मदत आली नाही. जर्मनांनी ताज्या दमाची फौज आणली, दोन बाजूंनी मारा सुरू झाला, आणि उरलेल्यांना पुन्हा त्याच उघड्या शेतातून मागे यावं लागलं. हल्ल्यात उतरलेल्या २८९ शिखांपैकी धडधाकट परतले ते ६८. सॅपर्सच्या दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले, आणि परतणाऱ्या सॅपर्सना पुढे न्यायला त्यांचे आपलेच सुभेदार-हवालदार उरले.

गाव त्या दिवशी हातचं गेलं ते मार्चपर्यंत. या हल्ल्याबद्दल ब्रिटिश इतिहासांत पुष्कळ कौतुक लिहिलेलं आहे. मला त्या कौतुकापेक्षा हा प्रश्न जास्त टोचतो की हाताने पूल बांधणाऱ्यांना मदतीची खात्री नसताना त्या शेतात कोणी आणि का सोडलं. शौर्याची स्तुती करून हा प्रश्न मिटत नाही.

चालत चालत आम्ही चर्चपर्यंत आलो. आजचं गाव शांत, निटनेटकं. एका घरासमोर आजीबाई झेंडूसारख्या दिसणाऱ्या शेवंतीच्या कुंड्या मांडत होत्या. १ नोव्हेंबरला इथे सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर शेवंती वाहतात. त्यासाठी आठवडाभर आधीपासून दुकानं फुलांनी भरलेली असतात.

दुसरी लढाई १० मार्च १९१५ ची, आणि जगाच्या इतिहासात नव्ह शापेल ओळखलं जातं ते तिच्यामुळे. तोवर जर्मन फळीचा या गावाशी फुगवटा झाला होता. तो कापायचा आणि उंचवटा गाठायचा असा ब्रिटिश जनरल हेगचा बेत होता. विमानातून खंदकांची छायाचित्रं घेऊन त्यांवरून नकाशे तयार करण्याचं काम इथे पहिल्यांदा इतक्या पद्धतशीरपणे झालं. सकाळी साडेसातला सुमारे ३४० तोफा एकदम सुरू झाल्या, ३५ मिनिटं चालल्या, आणि ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळ उठलं. उत्तरेकडून ब्रिटिश, दक्षिणेकडून गढवाल ब्रिगेड. तासाभरात गाव हाती आलं. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे. पण गढवालींची एक पलटण उजवीकडे भरकटली आणि ज्या तारांवर एकही गोळा पडला नव्हता त्यांच्यावर जाऊन आदळली. पुढे टेलिफोनच्या तारा तुटल्या. पुढे जायचा हुकूम यायला काही तास गेले. तेवढ्यात ओढ्यापलीकडे जर्मनांनी मशीनगन मांडल्या. देहरादून ब्रिगेड संध्याकाळी ओढा ओलांडून ब्वा द्यू बिएच्या कडेपर्यंत गेली होती, पण शेजारी कोणीच पोहोचलं नसल्यामुळे अंधारात तिला परत फिरावं लागलं. काल मी ज्या काठावर उभा होतो तो हाच. १३ तारखेला लढाई थांबली. मिळालं ते गाव आणि सुमारे एक किलोमीटर खोल शेतपट्टा. मेली, जखमी किंवा बेपत्ता झाली ती ब्रिटिश आणि हिंदी मिळून बारा हजारांच्या आसपास माणसं, त्यांत हिंदी चार हजारांहून अधिक. उंचवटा जर्मनांकडेच राहिला.

या लढाईत गढवाल रायफल्सच्या दुसऱ्या पलटणीचा गबर सिंह नेगी नावाचा तरुण शिपाई खंदकाच्या वळणावळणाने पुढे जात शत्रूला मागे रेटत राहिला आणि तिथेच पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या टिहरी भागातल्या चंबा इथे दर एप्रिलला त्याच्या नावाने मेळा भरतो.

दुपारी स्मारकाकडे गेलो. गावाच्या दक्षिणेला मोठ्या रस्त्यावर ला बॉम्ब नावाचा चौफुला आहे. शिपायांनी त्या जागेला पोर्ट आर्थर नाव दिलं होतं. चौफुल्याच्या कोपऱ्यावर, शेतांच्या मधोमध, एकदम अशोकस्तंभ दिसतो. मी फोटो कैक पाहिले होते, तरी पाय थांबले. उंची पंधरा मीटर, माथ्यावर कमळ, त्यावर ब्रिटिश मुकुट आणि स्टार ऑफ इंडिया हे ब्रिटिश राजवटीतलं मानचिन्ह. स्तंभाच्या दोन बाजूंना दोन दगडी वाघ बसलेले. सांचीच्या स्तूपाला असते तशी जाळीदार दगडी वेदिका, म्हणजे कठडा, अर्ध्या वर्तुळात फिरते, आणि उरलेल्या अर्ध्या वर्तुळात भरीव भिंत. दोन टोकांना दोन छत्र्या. रचना हर्बर्ट बेकरची, ज्याने नवी दिल्लीतली सचिवालयं आणि जुनं संसद भवन उभारलं. वाघ आणि शिल्पकाम चार्ल्स व्हीलरचं. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी याचं उद्घाटन झालं तेव्हा फ्रान्सचे मार्शल फॉश हजर होते. स्तंभाच्या खालच्या भागावर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत कोरलेलं आहे: देव एक आहे, विजय त्याचाच. परक्या भूमीवर इतकी आपली वास्तू मी दुसरी पाहिलेली नाही. मुकुट सोडला तर सगळं आपल्या मातीतलं.

भरीव भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं आहेत. ही त्या शिपायांची आणि मजुरांची, ज्यांना स्वतःचं थडगं मिळालं नाही. नावं पलटणीनुसार. मी सॅपर्सचा रकाना शोधून काढला. फिकट दगड, अक्षरं बोटाच्या पेराएवढी, पावसाने खोबणीत हिरवट शेवाळ धरलेलं. बहुतेक नावांना आडनाव नाही, नुसतं एक नाव किंवा नावापुढे बापाचं नाव. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं स्पेलिंग. त्या स्पेलिंगच्या आतून मराठी नावं ओळखू येतात, जशी आपल्या गावच्या चावडीवरच्या जुन्या याद्यांत असतात. पुढे १०७ व्या पायोनियर्सचा रकाना. हीसुद्धा मूळ मुंबई लष्कराचीच पलटण. मी एकेक नाव पुटपुटत वाचत गेलो. भाचा काही वेळाने शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही वाचायला सुरुवात केली.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. या भिंतीवर मराठी नावं थोडी आहेत. पंजाबी, गढवाली, गुरखा, डोगरा, पठाण नावं कितीतरी जास्त. मराठा पलटणींचा मोठा भाग फ्रान्सला आलाच नाही, तो गेला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी पूना डिव्हिजनमध्ये होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांतल्या कित्येकांनी तुर्कांच्या कैदेत प्राण सोडले. त्यांची नावं बसऱ्याच्या स्मारकावर. साताऱ्यात, रत्नागिरीत गावोगावी 'या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले' अशा संगमरवरी पाट्या दिसतात, त्यांतले बहुतेक तिकडे गेलेले. म्हणून नव्ह शापेलला मराठ्यांचं तीर्थ म्हणणं बरोबर होणार नाही. पण युरोपच्या भूमीवर मराठी शिपाई सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट अवस्थेत जिथे लढला त्या जागांत हे गाव आहे, आणि आपल्याकडे ते कोणाला ठाऊक नसणं मला पटत नाही.

भिंतीत एक छोटं धातूचं कपाट आहे, त्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही. लंडन, व्हँकुव्हर, जालंधर, काठमांडू. पंजाबी कुटुंबं इथे पणजोबांचं नाव शोधत येतात आणि वहीत तसं लिहून जातात. मी चाळलेल्या पानांवर मराठी अक्षर दिसलं नाही. आम्ही दोघांनी देवनागरीत लिहिलं, खाली खडकी, पुणे.

बुधवार, २९ ऑक्टोबर

स्मारकापासून अगदी जवळ, त्याच रस्त्यावर पोर्तुगीजांची दफनभूमी आहे. १,८३१ थडगी, करड्या दगडांच्या रांगा. १९१७ पासून ही फळी पोर्तुगीज सैन्याकडे होती. ९ एप्रिल १९१८ च्या पहाटे जर्मनांनी लिसच्या खोऱ्यात मोठा हल्ला चढवला तेव्हा थकलेल्या, बदली न मिळालेल्या या माणसांवर पहिला घाव पडला आणि एका दिवसात हजारो मेले किंवा कैद झाले. नव्ह शापेलमध्ये तोफांनी हातपाय तोडलेला क्रूसावरचा एक ख्रिस्त उभा राहिला होता. पोर्तुगालने तो १९५८ मध्ये मागून नेला आणि बाताल्याच्या मठात अनाम सैनिकाच्या समाधीपाशी ठेवला. आमच्यासमोर एक पोर्तुगीज कुटुंब फुलं घेऊन आलं होतं, तीन पिढ्या एकत्र. हिंदी स्मारक आणि ही दफनभूमी, दोन्ही २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पश्चिम आघाडीवरच्या १३९ स्थळांपैकी.

ओबेरला गाडीनेच गेलो. गावाबाहेरच्या शेतांत जर्मनांचे काँक्रीटचे बंकर अजून आहेत, काहींवर रानवेली चढलेल्या. वर उभं राहून पश्चिमेकडे वळलो आणि सोमवारी खालून जे समजलं होतं ते वरून दिसलं. नव्ह शापेलचं चर्च, मोठा रस्ता, झाडांची एकेक रांग. दुर्बिणीचीही गरज नाही. पलीकडचं फ्रोमेल ऑस्ट्रेलियनांचं. १९१६ च्या जुलैत त्यांची तिथे एका रात्रीत वाताहत झाली. तिथलं संग्रहालय चांगलं आहे, पण आम्ही धावतच पाहिलं.

बेत्यूनला परतल्यावर शहराच्या दफनभूमीत गेलो. तिथे पूना हॉर्सचा लेफ्टनंट फ्रँक दे पास आहे. पूना हॉर्स १८१७ मध्ये पुण्यात उभी राहिलेली घोडदळाची पलटण. नोव्हेंबर १९१४ मध्ये जवळच्या फेस्त्युबेरला घोडी मागे ठेवून तिचे स्वार खंदकात उतरले होते. दे पासने जर्मनांनी आपल्या खंदकापर्यंत खणत आणलेली वाट उडवून दिली, मग एका जखमी हिंदी शिपायाला गोळीबारातून उचलून आणलं, आणि त्याच सुमारास तो मारला गेला. हिंदी सैन्याच्या अधिकाऱ्याला मिळालेला या युद्धातला तो पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. माळी पानं गोळा करत होता, त्याने थडगं दाखवलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: पॅरिसच्या गार द्यू नोरहून बेत्यूनला थेट वेगवान गाड्या आहेत, लीलहूनही लोकल मिळते. पुढे मात्र स्वतःची गाडी किंवा सायकल हवी. मुलूख सपाट असल्यामुळे सायकल उत्तम. पायात उंच बूट घाला, शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा, आणि बांधावर गंजलेलं लोखंड दिसलं तर लांबूनच बघा. स्मारकाला तिकीट नाही.

आणि निघायच्या आधी एक काम घरीच करून जा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नाव, पलटण किंवा स्मारक घालून शोध घेता येतो. भिंतीवर नुसतं नाव असलं तरी आयोगाच्या नोंदीत पुष्कळांच्या पुढे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला आहे, शिवाय भिंतीवरचा रकानाही. सातारा, कुलाबा (आताचा रायगड), रत्नागिरी, पुणे असे जिल्हे घालून बघा. आपल्या गावचं नाव निघालं तर गावात त्या घराण्याचं कोणी आहे का ते विचारा, आणि कोणी असेल तर जाताना त्यांना सांगून जा.